विश्लेषण : छोट्या जीपमध्ये टर्बो इंजिन बसवताना आल्फ्रेड ब्यूखी का आठवावेत?

जुनी मारुती जिप्सी किंवा महिंद्राची जीप बाळगणाऱ्यांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. गाडी हलकी आहे, फोर-व्हील आहे, चिखलातून बाहेर पडते. पण घाटात दम टाकते. मग दोन पर्याय समोर येतात. आहे त्याच इंजिनाला टर्बो किट लावायचे, की दुसऱ्या गाडीचे अख्खे टर्बो इंजिन उतरवून यात बसवायचे? पहिला पर्याय कमी खर्चाचा दिसतो. तरीही जाणते मेकॅनिक बहुतेक वेळा दुसऱ्याकडेच बोट दाखवतात. टर्बो हा इंजिनाला लावायचा दागिना नाही, इंजिनच त्याच्यासाठी घडवावे लागते, असा त्यांचा अनुभव असतो. हाच धडा शंभर वर्षांपूर्वी एका स्विस इंजिनीअरला मिळाला होता आणि तो पूर्ण उमगायला त्याला वीस वर्षे लागली. त्यांचे नाव आल्फ्रेड ब्यूखी. टर्बोचार्जरचा शोध त्यांच्या नावावर आहे.

ब्यूखी घडले कुठे?

ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे झाला. झुरिकजवळचे हे गाव म्हणजे त्या काळातले यंत्रनगर. सुल्झर बंधूंचा प्रचंड कारखाना इथे होता, रेल्वे इंजिने बनवणारा स्विस लोकोमोटिव्हचा कारखानाही इथेच. ब्यूखी यांचे वडील सुल्झरमध्ये वरिष्ठ पदावर होते. घरातल्या बोलण्यात बॉयलर, पंप आणि इंजिने असणे स्वाभाविकच होते.

ब्यूखी जन्मले त्याच वर्षी सुल्झरच्या कारखान्यात एक तरुण जर्मन विद्यार्थी कामाचा अनुभव घ्यायला आला होता. तो रुडॉल्फ डिझेल. पुढे त्याने आपल्या नावाचे इंजिन तयार केले आणि १८९८ मध्ये सुल्झरने आपले पहिले डिझेल इंजिन बनवले. ब्यूखी तेव्हा १९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे आजच्या ईटीएचमध्ये, यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेले. १९०३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. त्या काळी तिथे आउरेल स्टोडोला हे प्राध्यापक होते. वाफेच्या टर्बाइनवरचा त्यांचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला जाई आणि तो ब्यूखी पदवीधर झाले त्याच वर्षी निघाला. म्हणजे घरी पिस्टनचे इंजिन आणि कॉलेजात टर्बाइन. ब्यूखी यांनी पुढे आयुष्यभर या दोन यंत्रांची सोयरीक जुळवली.

शिक्षणानंतर काही काळ त्यांनी बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी केली.

१९०५ च्या पेटंटमध्ये काय होते?

कोणत्याही इंजिनाची ताकद किती, हे शेवटी त्याच्या पोटात किती हवा जाते यावर ठरते. इंधन हवे तितके ओतता येते, पण ते जाळायला हवा नसेल तर नुसता धूर निघतो. लोहाराच्या भट्टीचेही तसेच आहे. कोळसा वाढवून आंच वाढत नाही, भाता मारावा लागतो. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच घेते. तिच्यात दाबून जास्त हवा भरली, तर त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त काम मिळेल, हे ब्यूखी यांच्या आधीही अनेकांना ठाऊक होते. प्रश्न होता भाता मारायचा कोणी? इंजिनाच्याच दांड्यावरून पंप चालवला, तर मिळालेल्या ताकदीतला वाटा तोच खातो.

ब्यूखी यांनी बघितले ते सायलेन्सरकडे. इंजिनात जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, जवळपास तेवढीच थंड करणाऱ्या पाण्याबरोबर जाते आणि उरलेली तापलेल्या धुराबरोबर बाहेर पडते. या बाहेर पडणाऱ्या वायूवर एक टर्बाइन फिरवायचे आणि त्या टर्बाइनने हवा दाबणारा पंखा फिरवायचा, ही त्यांची कल्पना. टाकून दिलेल्या वाफेवर भाता. १६ नोव्हेंबर १९०५ ही जर्मन साम्राज्याच्या पेटंट कार्यालयातील त्यांच्या पेटंटची तारीख. क्रमांक २०४६३०. ब्यूखी यांचे वय होते २६.

आज या पेटंटला टर्बोचार्जरचा जन्मदाखला म्हणतात, ते बरोबरच आहे. पण त्यातले यंत्र आजच्या टर्बोसारखे नव्हते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यात हवा दाबणारा कॉम्प्रेसर, डिझेल इंजिन आणि टर्बाइन हे तिन्ही एकाच दांड्यावर जोडलेले होते. तिघांनी एकाच गतीने फिरायचे. आजचा टर्बो मोकळा असतो. इंजिनाच्या दांड्याशी त्याचा संबंध नसतो आणि छोट्या गाड्यांत तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरेही घेतो. इंजिन मात्र पाच-सहा हजारांवर थांबते. या दोघांना एका दांड्यावर बांधून ठेवता येणार नाही, हे आज उघड वाटते.

कल्पना बरोबर होती, मग वीस वर्षे का लागली?

१९०९ मध्ये ब्यूखी सुल्झरमध्ये आले आणि मोठ्या डिझेल इंजिनांच्या संशोधनाचे काम त्यांच्याकडे आले. १९११ मध्ये टर्बोच्या प्रयोगांसाठी तिथे स्वतंत्र सोय उभी राहिली. १९१५ मध्ये पहिले प्रायोगिक टर्बो इंजिन तयार झाले. उंचावरच्या विरळ हवेतही इंजिनाची ताकद टिकावी, हा त्यामागचा हेतू होता. पण हवेचा दाब टिकून राहीना. प्रयोग फसला.

का फसला, याची कारणे नीट पाहण्यासारखी आहेत, कारण तीच कारणे आज एखाद्या गॅरेजमध्ये जिप्सीला टर्बो किट लावल्यावर पुन्हा उभी राहतात.

पहिले कारण पंख्यांचे. तेव्हाचे कॉम्प्रेसर आणि टर्बाइन इतके अकार्यक्षम होते की धुरातून मिळालेली ताकद वाटेतच संपायची. टर्बाइन ही धुराच्या वाटेतली अडचणही असते. ती पुरेशी हवा आत ढकलत नसेल, तर इंजिनाला उलट स्वतःचा धूर बाहेर लोटण्यासाठी जोर लावावा लागतो. फायदा शून्य आणि श्वास कोंडलेला.

दुसरे कारण उष्णतेचे. जास्त हवा, जास्त इंधन म्हणजे जास्त आग. पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह, सिलिंडरचे हेड यांवर पडणारा ताप वाढतो. साध्या इंजिनाचे हे भाग त्या तापासाठी बनलेले नसतात. दाब वाढवावा तर धातू दगा देतो, दाब कमी ठेवावा तर टर्बोचा उपयोग दिसत नाही. या कात्रीत ब्यूखी बरीच वर्षे अडकले.

तिसरे कारण दोन्ही यंत्रांच्या स्वभावाचे. पिस्टनचे इंजिन धक्क्याधक्क्याने श्वास सोडते, टर्बाइनला मात्र सलग वारा आवडतो. इंजिन हळू चालले की धूर थोडा, टर्बाइन मंद, हवा कमी. इंजिनाला जोर लागतो नेमका त्याच क्षणी भाता झोपलेला असतो.

दरम्यान पहिले महायुद्ध सुरू होते आणि इतर लोकही याच वाटेवर होते. फ्रान्समध्ये ऑगुस्त रातो यांनी विमानांच्या इंजिनासाठी टर्बो बनवला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये एक लिबर्टी विमान इंजिन ट्रकवर घालून कोलोराडोतील पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच डोंगरमाथ्यावर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर २३० वर घसरले आणि टर्बो जोडताच ३५६ वर गेले. लडाखला जिप्सी घेऊन गेलेल्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरते, तिथे टर्बो नसलेले इंजिन गळपटते ते त्यामुळेच.

विमानवाल्यांनी ब्यूखी यांना मागे टाकले, असे यावरून वाटू शकते. पण विमानाच्या टर्बोला उंचावरची गार हवा मिळत होती आणि त्या काळातल्या लढाऊ इंजिनाचे आयुष्य मोजक्या तासांचे होते. ब्यूखी यांना हवे होते ते जहाजात महिनोन्महिने न थांबता चालणारे इंजिन. ही परीक्षा कितीतरी कठीण होती.

तिढा कसा सुटला?

टर्बो सुधारून तिढा सुटला नाही. तो सुटला इंजिन बदलून. ब्यूखी यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि त्यांच्या १९०५ च्या पेटंटपेक्षा तो जास्त लक्षात ठेवायला हवा.

त्यांनी आधी व्हॉल्व्हच्या वेळा बदलल्या. धूर बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच हवा आत येण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि काही क्षण दोन्ही उघडे ठेवायचे. आत येणाऱ्या हवेचा दाब धुरापेक्षा जास्त असेल, तर ही ताजी हवा सिलिंडरभर फिरून उरलासुरला धूर झाडून नेते आणि जाता जाता पिस्टन व व्हॉल्व्ह गार करते. उष्णतेच्या प्रश्नाला हे उत्तर होते. घरात केर काढताना दोन्ही दारे उघडी ठेवावीत, तसे.

पण यात एक गोम होती. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच नळीत सोडला, तर एका सिलिंडरची दोन्ही दारे उघडी असताना शेजारच्याचा धुराचा लोट नेमका उलटा त्याच्यात घुसतो. १९२५ च्या स्विस पेटंटमध्ये ब्यूखी यांनी यावर तोडगा मांडला. ज्या सिलिंडरांचे लोट एकमेकांच्या आड येत नाहीत, तेवढ्यांचीच नळी एकत्र करायची. सहा सिलिंडर असतील तर तिघांची एक नळी आणि उरलेल्या तिघांची दुसरी, टर्बाइनपर्यंत दोन्ही वेगळ्या. नळ्या अरुंद आणि आखूड ठेवायच्या, म्हणजे प्रत्येक लोटाचा झटका वाया न जाता टर्बाइनच्या पात्यांवर बसतो. जी गोष्ट आधी अडचण होती, ती धक्क्याधक्क्याने येणारी धूरलाट, तिलाच त्यांनी कामाला लावले. आज मोटारींच्या माहितीपत्रकात ट्विन-स्क्रोल टर्बो असा शब्द येतो, त्याचे मूळ याच नळ्यांच्या वाटणीत आहे.

यानंतर ताकदीतली वाढ ४० टक्क्यांच्या पुढे गेली.

जिप्सीच्या बॉनेटखाली हेच कसे दिसते?

आता इंजिनाच्या अदलाबदलीकडे येऊ. जिप्सी किंगमधले नंतरचे १,२९८ सीसी पेट्रोल इंजिन सुमारे ८० अश्वशक्ती देते आणि १०३ न्यूटन मीटर टॉर्क, तोही साडेचार हजार फेऱ्यांवर. मारुतीच्याच स्विफ्टमध्ये आलेले फियाटचे १,२४८ सीसी टर्बो डिझेल ७५ अश्वशक्तीचे, पण टॉर्क १९० न्यूटन मीटर आणि तो दोन हजार फेऱ्यांवरच मिळतो. अश्वशक्ती जवळपास सारखी, पण खडकावर चाक चढवताना लागणारी ओढ पावणेदोन पट. म्हणूनच ही जोडी जुळवण्याचा मोह होतो.

जुन्या पेट्रोल इंजिनाला किट लावण्याऐवजी हे अख्खे इंजिन घेण्यात शहाणपण आहे, कारण ब्यूखी यांनी झगडून शोधलेल्या गोष्टी त्यात कारखान्यातच आलेल्या असतात. व्हॉल्व्हच्या वेळा, वाढीव ताप सोसणारे पिस्टन आणि हेड, टर्बोच्या बेअरिंगला तेल नेणारी वाट, आत जाणारी हवा गार करणारा इंटरकूलर, आणि हे सगळे सांभाळणारा इसीयू. मूळ इंजिनात यातले काहीच नसते. त्याला नुसता टर्बो जोडला की पहिल्या मोठ्या घाटात नॉकिंग सुरू होते, हेड गॅस्केट जाते किंवा पिस्टनला भोक पडते. नेमके १९११ नंतर सुल्झरच्या प्रयोगशाळेत जे दुखणे होते ते.

मात्र अख्खे इंजिन घेतले म्हणून काम संपत नाही. स्विफ्टमध्ये इंजिन आडवे बसते, जिप्सीत उभे. बेल हाउसिंग जुळत नाही, मध्ये खास बनवलेली प्लेट घालावी लागते. फाउंडेशन नव्याने वेल्ड करावे लागतात. जिप्सीचा पुढचा एक्सल अखंड आहे आणि खड्ड्यात तो वर उचलला जातो. इंजिनाची तेलाची टाकी थोडी खाली आली, तरी एक्सल तिच्यावर आदळतो. टर्बोतून परतणारे तेल पंपाने नव्हे, उताराने खाली जाते, त्यामुळे इंजिन तिरपे बसले किंवा नळीला चढ मिळाला की तेल तुंबते आणि टर्बो तेल प्यायला लागतो. गिअरबॉक्स १०३ न्यूटन मीटरच्या हिशेबाने बनलेला, त्याच्यावर १९० चा भार येतो. त्यात लो रेंज टाकले की तोच भार कितीतरी पटींनी वाढून प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि ॲक्सलवर जातो. डिझेल पेट्रोलइतके वर फिरत नाही, त्यामुळे गिअरांचे आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर तेच ठेवले तर हायवेवर गाडी ओरडत राहते. इंजिन बसवण्याचा खर्च सांगणारे गॅरेज या पुढच्या खर्चाबद्दल फारसे बोलत नाही.

कायद्याचा मुद्दा तर याहून आधी येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. नोंदणी पुस्तकात इंजिन क्रमांक, क्षमता आणि इंधन लिहिलेले असते. आरटीओची मंजुरी नसताना पेट्रोलच्या जागी दुसऱ्या क्षमतेचे डिझेल बसवले, तर दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघातानंतर दावा अडकू शकतो. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारणे हा उपचार नव्हे, पहिली पायरी आहे.

दोन जहाजे आणि धंद्याचे गणित

ब्यूखी यांच्या पद्धतीला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते समुद्रावर. महायुद्धानंतर पूर्व प्रशिया हा भाग उरलेल्या जर्मनीपासून पोलंडच्या पट्ट्यामुळे तुटला होता. तिकडे प्रवासी नेण्यासाठी जर्मन वाहतूक मंत्रालयाने दोन जहाजे बांधून घेतली, ‘प्रॉइसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’. १९२६ मध्ये ती पाण्यात उतरली. त्यांची दहा सिलिंडरची डिझेल इंजिने टर्बोविना १,७५० अश्वशक्तीची होती. ब्यूखी यांच्या देखरेखीखाली बसवलेल्या टर्बोने ती २,५०० वर गेली. जहाजाच्या पोटात जागा तीच, सिलिंडर तेवढेच आणि ताकद जवळपास दीडपट. जहाजमालकांना यापुढे वेगळे पटवून देण्याची गरज नव्हती. (दोन्ही जहाजांचा शेवट वाईट झाला. जुलै १९४१ मध्ये स्वीडनच्या ओलांड बेटाजवळ ती सुरुंगांवर आदळून बुडाली.)

याच सुमारास ब्यूखी यांनी सुल्झर सोडले आणि स्वतःच्या नावाचे सिंडिकेट स्थापन केले. त्यात बाडेनची ब्राउन बोव्हेरी टर्बो बनवणार, विंटरथुरचा स्विस लोकोमोटिव्ह कारखाना इंजिने पुरवणार आणि ब्यूखी स्वतः संशोधन व ग्राहकांकडे पाहणार, अशी वाटणी होती. जगभरच्या इंजिन कंपन्यांना परवाने विकायचे, हा धंदा. या रचनेतही त्यांचा धडा दिसतो. टर्बो बनवणारा आणि इंजिन बनवणारा यांना त्यांनी एका टेबलावर बसवले, कारण एकट्याने बनवलेला टर्बो दुसऱ्याच्या इंजिनावर चालेल याची खात्री नसते, हे त्यांनी भोगले होते. १९२८ मध्ये या पद्धतीच्या इंजिनाच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते स्टोडोला यांनी. ब्यूखी शिकत असताना झुरिकला होते तेच प्राध्यापक.

संशोधक म्हणून ब्यूखी चिवट होते, तसे व्यवहारातही ते कच्चे नव्हते. त्यांच्या समकालीन संशोधकांपैकी स्वतः डिझेल कर्जात बुडाले आणि १९१३ मध्ये इंग्लिश खाडीतल्या प्रवासात बोटीवरून नाहीसे झाले. ब्यूखी यांनी आपले पेटंट जपले, नवे जोडत गेले आणि त्यावर उभ्या राहिलेल्या उद्योगाचे दिवस पाहिले.

जहाजातून रस्त्यावर यायला इतका वेळ का?

ट्रकसाठी टर्बो इंजिन आले १९३८ मध्ये, स्वित्झर्लंडच्याच सॉरर कंपनीचे. पण छोट्या गाडीपर्यंत टर्बो पोहोचायला अजून बराच अवकाश होता. जहाजाचे इंजिन तासन् तास एकाच गतीने चालते. गाडीचे तसे नाही. सिग्नल, वळण, चढ, पुन्हा सिग्नल. पाय दाबल्यावर टर्बाइनला वेग घ्यायला जो वेळ लागतो, तो जहाजात कोणाच्या लक्षातही येत नाही, गाडीत मात्र चालक वैतागतो. याला टर्बो लॅग म्हणतात.

हा लॅग महाराष्ट्रातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. पुणे आणि कल्याणच्या शेडमधली जुनी डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिने आठवा. २,६०० अश्वशक्तीचे, टर्बो लावलेले हे अमेरिकन अल्को घराण्याचे इंजिन १९६२ पासून भारतीय रेल्वेत आले. स्टेशनातून गाडी सुटताना त्याच्या डोक्यावरून काळ्याकुट्ट धुराचा खांब उठायचा. इंधन वाढलेले असायचे, पण टर्बो अजून वेग घेत असायचा, म्हणून हवा कमी पडायची. काही क्षणांनी टर्बोची शीळ चढली की धूर विरळ व्हायचा.

ब्यूखी यांच्या हयातीत टर्बोने आणखी एक झलक दाखवली. १९५२ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्स कंपनीची डिझेल गाडी टर्बो लावून उतरली आणि पात्रता फेरीत तिने पहिले स्थान पटकावले. पुण्याच्या कोथरूडमध्ये पुढे ज्या कंपनीचा कारखाना उभा राहिला, तीच ही कमिन्स. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ७१ व्या फेरीला गाडी थांबली. टर्बोच्या हवेच्या तोंडात धावपट्टीवरचा टायरचा चुरा जाऊन ते तुंबले होते. धुळीच्या वाटेवर टर्बो गाडी नेणाऱ्याने एअर फिल्टर आणि हवा घेणाऱ्या नळीचे तोंड कुठे आहे ते आधी पाहावे, ते यासाठी. लाखभर फेरे घेणाऱ्या पंख्याला बारीक खडाही पुरतो.

अखेरची वर्षे आणि नंतर

ब्यूखी यांचे निधन २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथुरमध्येच झाले. वय ८०. तोवर जगातल्या मोठ्या डिझेल इंजिनांत टर्बो रुळला होता, पण बाजारात विकली जाणारी एकही टर्बो मोटार त्यांनी पाहिली नाही. ती आली तीन वर्षांनी. १९६२ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरले कॉर्व्हेअर या गाड्यांत टर्बो दिला. जेटफायरचे इंजिन टर्बोसाठी पुरते बदललेले नव्हते. कॉम्प्रेशन जास्त ठेवले होते आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉलचे मिश्रण इंजिनात फवारावे लागे. त्याची टाकी भरायला मालक विसरत. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. टर्बो उतरवण्याची ही अदलाबदल फारशी कोणाच्या लक्षात नाही. मर्सिडीजची ३०० एसडी ही पहिली टर्बो डिझेल प्रवासी मोटार १९७८ ची.

छोट्या फोर-व्हील गाडीच्या वाट्याला टर्बो आला जपानमध्ये आणि तोही कराच्या नियमांमुळे. तिथे केई वर्गातल्या गाडीला इंजिनाच्या आकाराची मर्यादा असते. आकार वाढवता येत नाही, मग हवा वाढवायची, हा ब्यूखी यांचाच हिशेब. सुझुकीच्या जिम्नीला १९८६ मध्ये ५४३ सीसीचे टर्बो इंजिन मिळाले. आजच्या जपानी जिम्नीत ६५८ सीसीचे तीन सिलिंडरी टर्बो इंजिन आहे, ६४ अश्वशक्तीचे. मुळात या घराण्याची सुरुवातच इंजिन बदलण्यातून झाली. होप नावाच्या छोट्या जपानी कंपनीने मित्सुबिशीचे इंजिन घालून एक चिमुकली फोर-व्हील गाडी केली होती. सुझुकीने तिचा आराखडा विकत घेतला, त्यात आपले ३५९ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन बसवले आणि १९७० मध्ये तिला जिम्नी म्हणून बाजारात आणले. आपली जिप्सी त्याच घराण्यातली. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीचे इंजिन मात्र दीड लिटरचे आहे, टर्बोविना. त्यामुळे गॅरेजमधला तो जुना प्रश्न आता नव्या गाडीच्या मालकांनीही विचारायला सुरुवात केली आहे.